पहिलं नको

१

निवृत्त मास्तरला गावात दोनच कामं मिळतात, लग्नात सूत्रसंचालन नाहीतर शोकसभेत भाषण. मला तिसरं मिळालं. नोकरीत असल्यापासून, गेली तीस वर्षं मी शाळाशाळांतून चमत्कारांमागचं विज्ञान दाखवत फिरतो. पाण्याने दिवा पेटवणं, जिभेतून तार काढणं, नारळातून कुंकू काढणं. आधी चमत्कार करून दाखवायचा आणि मग तो कसा केला ते फोडून सांगायचं. मी, कृष्णात जाधव, मुक्काम रहिमतपूर, विज्ञान आणि गणित.

शेवटचा प्रयोग मनातलं ओळखण्याचा. एका माणसाला बोलवायचं आणि त्याच्या मुठीत घडी घातलेली चिठ्ठी द्यायची. मग दुसऱ्या कुणाला तरी उभं करून झटपट विचारायचं, "एक फूल! एक पक्षी! एक ते दहामधला आकडा!" विचार करायला वेळ द्यायचा नाही. तो म्हणतो, गुलाब, मोर, सात. पहिला चिठ्ठी उघडतो. त्यात लिहिलेलं असतं, गुलाब, मोर, सात. पोरं बाकं बडवतात.

दहातल्या सहा-सात वेळा हे जमतं. न जमलं तर "तुझं डोकं बंडखोर दिसतंय" म्हणून दुसऱ्याला उभं करायचं. शेवटी मी सगळं उलगडून सांगतो. माणूस घाईत असला की जवळचं उचलतो. आणि मग माझं ठरलेलं वाक्य, "घाईत दिलेलं उत्तर तुमचं नसतं, मुलांनो. ते आधीच कुणीतरी ठेवलेलं असतं."

चिठ्ठ्या माझी बायको क्रांती लिहायची, कारण माझं अक्षर मलाच लागत नाही. आमच्या मुलीच्या, साक्षीच्या जुन्या वहीची पानं घ्यायची, त्यावर स्टीलची पट्टी दाबून धरायची आणि टर्रकन फाडायची. शिसपेन्सिलीने तीन शब्द लिहायचे, चार घड्या घालायच्या आणि चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. तो आवाज मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकला होता, की स्वयंपाकघरातून तो आला तरी मान वर करत नसे.

क्रांतीला जाऊन आठ महिने झाले. डब्यात अजून चिठ्ठ्या होत्या, म्हणून मी प्रयोग चालू ठेवले. दुसरं काही कारण नव्हतं.

२

पाटणच्या पुढे एका शाळेत कार्यक्रम होता. चिठ्ठी मी मुख्याध्यापकांच्या मुठीत दिली. पोरांनी एकच कालवा केला की राहीबाईला उभं करा. राहीबाई म्हणजे शाळेत खिचडी शिजवणारी बाई. ती पदराला हात पुसत दारात आली.

"आवं सर, मला कशाला? मला काय येतंय त्यातलं?"

"काही यायला लागत नाही. पटकन बोला. एक फूल!"

"तेरडा."

"पक्षी!"

"टिटवी."

"एक ते दहा?"

"दोन."

तीनही चुकीची. मला बरंच वाटलं, कारण चुकलं की समजावायला सोपं जातं. मुख्याध्यापकांनी घडी उलगडली, चष्मा वर केला आणि वाचलं, "तेरडा, टिटवी, दोन."

वर्गाने छत डोक्यावर घेतलं. मी हसत राहिलो. तोंड हसरं ठेवायची सवय असते मास्तरला. आता पुढे प्रयोग फोडून सांगायचा होता आणि सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते मी केलं. मी खोटं बोललो. "मुलांनो, सोपं आहे. राहीबाईंना मी काय बोलायचं ते आधीच सांगून ठेवलं होतं."

राहीबाई माझ्याकडे बघत राहिली.

"कवा सांगितलं वं?" ती म्हणाली. पोरं हसली. ती मात्र हसली नाही.

३

घरी येऊन मी डबा पलंगावर उपडा केला आणि सगळ्या चिठ्ठ्या उघडल्या. सतरा होत्या. सतराही चिठ्ठ्यांवर गुलाब, मोर, सात. पाटणची चिठ्ठी शेजारी ठेवून अक्षर ताडून पाहिलं. अक्षर क्रांतीचंच होतं, तिचा तो पोटात गाठ मारलेला ट, तिची ती एका बाजूला कललेली रेघ. कागदही साक्षीच्या वहीचाच होता.

मी गणिताचा माणूस. क्रांतीने कधीतरी थट्टेत एखादी वेगळी चिठ्ठी लिहिली असेल. ती नेमकी त्या दिवशी हाताला लागली असेल. पण नेमकी ती, नेमकी त्या बाईसमोर? मी एका पाठकोऱ्या कागदावर आकडेमोड करून पाहिली. उत्तर एवढं बारीक आलं की मी कागद चुरगळून टाकला. अशक्य नव्हतं ते. अशक्य आणि दुर्मिळ यात फरक असतो, हे मीच शिकवलं होतं.

मला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. आठ महिन्यांत मला काही वाटलंच नव्हतं. जेवण सपक लागायचं, टीव्ही नुसता चालू असायचा, कुणी रडायला लागलं की मी पाणी आणून द्यायचो. मी चिठ्ठ्यांच्या घड्या पुन्हा घातल्या. त्यातली एक, स्वतः वाचून, खात्री करून, पुढच्या कार्यक्रमासाठी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

४

पुढचा कार्यक्रम इस्लामपूरला होता, कारखान्याच्या वसाहतीत, महिला मंडळापुढे. अध्यक्षा चंदनबाला शेटे म्हणून एक हसतमुख बाई होत्या. मी पोचल्या पोचल्या खिशातली चिठ्ठी त्यांच्या मुठीत दिली, म्हणजे मागून कुणाला शंका नको.

"सर, आधी चहा घ्या की," त्या म्हणाल्या.

"नको."

"असं कसं? एवढ्या उन्हातून आलायसा. अर्धा कप तरी."

"बरं, द्या मग," मी म्हणालो आणि कपभर चहा प्यालो.

मग प्रयोग. पुढच्या रांगेतल्या एका तरुण बाईने एका दमात सांगितलं, गुलाब, मोर, सात. माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. मी विजयाने हात केला, "उघडा ताई."

चंदनबालाताईंनी चिठ्ठी उघडली, उलटी करून पाहिली आणि पुन्हा सुलटी केली. "सर, ह्यात तर एकच शब्द हाय. नको."

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, आत्ता सरच म्हणाले की, चहाला!" आणि सगळा हॉल हसला. एक म्हातारी टाळ्या वाजवत म्हणाली, "लय भारी! स्वतःचंच वळखलं की वं!"

मी परतीच्या एसटीत त्याचाही उलगडा केला. दूध नको असेल त्या दिवशी क्रांती एवढीच चिठ्ठी लिहून दारातल्या दुधाच्या पिशवीत ठेवायची. तसली एखादी जुनी चिठ्ठी खिशात राहिली असणार. मी वाचून ठेवलेली दुसरी कुठेतरी पडली असणार. घरी जाऊन खिसे उलटे केले. दुसरी सापडली नाही.

५

इथे ती दवाखान्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कुणी काही विचारलं की माझ्या तोंडून आधी नको येतं. आपल्याकडे सगळ्यांचंच येतं म्हणा. चहा घेणार? नको. जेवायला वाढू? नको. मग समोरचा आग्रह करतो आणि आपण पाटावर बसतो. नुसतं नको म्हणून उठून जाणारा माणूसही वेडा आणि ते ऐकून गप्प बसणारा त्याहून वेडा. पण माझं जरा जास्तच. साक्षीचं स्थळ आलं तेव्हा मी नको म्हणालो होतो, घर बांधायचं निघालं तेव्हाही. क्रांती सगळ्या पाव्हण्यांना सांगून ठेवायची, "ह्यांना दोनदा विचारा. ह्यांचं पहिलं नको धरायचं नसतंय."

तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि आम्ही तिला सांगलीला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, आता मेंदू राहिलेला नाही, मशीन आहे म्हणून छाती हलतेय. साक्षी जबलपूरहून निघाली होती. तिचा नवरा शिवतेज फौजेत आहे, तिथेच त्यांचं क्वार्टर. ती पुण्याला उतरून गाडीने शिरवळपर्यंत आली होती. फोनवर एकच म्हणत होती, मी येईपर्यंत थांबा. अजून तीन तास.

डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी विचारलं, "मुलगी पोचेपर्यंत मशीन चालू ठेवायचं का?"

"नको," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि कागद पुढे केला. मी सही केली. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. का विचारावं त्यांनी? चहा नव्हता तो.

साक्षी पोचली तेव्हा क्रांतीच्या नाकात कापूस घातलेला होता. मी तिला सांगितलं, डॉक्टर म्हणाले आता हातात काही नाही. ते तिने मानलं. आणि माझ्या पुतण्याने, सूरजने, जो डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्या शेजारी उभा होता, चप्पल पायात सरकवली आणि तो बाहेर गेला.

आठ महिने मी एकाच गोष्टीवर तगून होतो. ते उत्तर माझं नव्हतं. ते घाईतलं होतं, सवयीचं होतं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी थांबा म्हणालो असतो.

६

इस्लामपूरहून आल्यावर चार दिवसांनी साक्षीचा फोन आला.

"आण्णा, सूरजदादा बोलला माझ्याशी. डॉक्टरनी तुमाला विचारलं होतं म्हणं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फोनवर नगो. मी रविवारी येते. तोंडावर विचारते, तोंडावर सांगा."

तिने ठेवला. मला कळलं की ही आता शेवटची येणार, नाहीतर पहिल्यासारखी येत राहणार. माझं म्हणावं असं ती एकच माणूस उरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात तुळशीला पाणी घालत होतो. स्वच्छ ऊन होतं, शेजारी कुणीतरी रेडिओ लावला होता. स्वयंपाकघरातून आवाज आला, टर्र. एकदाच. मी सवयीने मान वर केली नाही. तांब्या रिकामा झाल्यावर मग लक्षात आलं.

आत कुणी नव्हतं. ओट्यावर स्टीलची पट्टी होती. ती मी काढली होती का, आठवेना. डबा उघडून चिठ्ठ्या मोजल्या. सतरातली एक इस्लामपूरला गेली म्हणजे सोळा हव्या होत्या. सतरा होत्या.

सोळा वहीच्या पिवळट, रेघांच्या कागदाच्या. एक पांढरी, जाड, बिनरेघांची. तिच्या घडीच्या कडेला निळ्या शाईचा एक फराटा दिसत होता. मी तो फराटा ओळखला. माझ्या सहीत 'जाधव'मधल्या वची रेघ मी अशीच खाली लांब ओढतो.

दवाखान्याची फाईल मी लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवली होती. जानवं नाही म्हणून किल्ली माझ्या करदोट्याला असते, क्रांती थट्टा करायची त्यावरून. कुलूप काढलं. संमतीच्या कागदाची खालची पट्टी नव्हती. सहीच्या लगेच खालून कागद फाडलेला होता, पट्टी लावून, सरळ.

मीच फाडला असेन. झोपेत, किंवा एखाद्या औषधाच्या गुंगीत. माणूस दुःखात काय काय करतो आणि विसरतो, याची मी स्वतः व्याख्यानांतून उदाहरणं देतो. पण दुःख मला होत नव्हतं आणि औषध मी घेत नव्हतो. ती पांढरी चिठ्ठी मी उघडली नाही. शंका आल्यावर चिठ्ठी न उघडता ठेवण्याची ही माझी पहिलीच वेळ.

७

रविवारी दुपारी साक्षी आली. तिने पाणी घेतलं नाही. आईच्या फोटोसमोर क्षणभर उभी राहिली आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. ती बरीच वाळली होती. मला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, आणि तेवढं वाटल्याचंही मला नवल वाटलं.

मी चार दिवस तयारी केली होती. काय सांगायचं, कोणत्या शब्दांत, सगळं. विचार करून दिलेलं उत्तर कुणाला आधी लिहून ठेवता येत नाही, हा माझा मुद्दा होता. म्हणून मी ती पांढरी चिठ्ठी खिशातून काढली आणि तिच्या तळव्यावर ठेवली. लहानपणी ती माझ्याबरोबर कार्यक्रमांना यायची, तेव्हा तिच्याच मुठीत चिठ्ठी द्यायचो.

"हे काय आता?" ती म्हणाली.

"मूठ झाक. शेवटी उघड."

तिला वाटलं असेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण तिने मूठ झाकली. "डॉक्टरनी विचारलं होतं, आण्णा?"

"हो."

"आन तुमी काय म्हणाला?"

"नको म्हणालो." मग मी सगळं सांगितलं, जसं पाठ केलं होतं तसं. "पण साक्षी, त्यांनी एकदाच विचारलं गं. तुला तर माहीत आहे माझं. तुझी आई तिथे बोलती असती तर म्हणाली असती, ह्यांना पुन्हा विचारा. त्यांनी पुन्हा विचारलं असतं तर मी थांबलो असतो. तुझ्यासाठी थांबलो असतो."

तिने झाकलेली मूठ मांडीवर ठेवली. फ्रीज मध्येच सुरू झाला आणि बंद पडला. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा मोकळा होत चालला होता. तिला ते खरं वाटायला हवं होतं. मला दिसत होतं की तिला मला माफ करायचं आहे.

"मग मी विचारू?" ती हळूच म्हणाली, अगदी आईच्या चालीवर, हसल्यासारखं करून. "मी शिरवळला पोचलेय, आण्णा. तीन तासात येते. आई मशीनवर हाय. थांबायचं का?"

उत्तर तयार होतं. थांबूया. एक शब्द. मी चार दिवस तो घोकला होता. मी श्वास घेतला, घाई केली नाही, तिच्याकडे नीट पाहिलं.

"नको," मी म्हणालो.

माझाच आवाज होता. आणि तो बाहेर पडला तसं मला सगळं आठवलं. मशीनचा तो फुसफुस आवाज, क्रांतीच्या सुजलेल्या पावलांवरची चिकटपट्टी, आणि मला तिथून उठून घरी जायचं होतं, फक्त घरी जायचं होतं. अजून तीन तास मला नको होते. एकदा विचारा, शंभरदा विचारा.

साक्षीने मूठ उघडली. घडी उलगडली. तिने वाचलं, मग चिठ्ठी माझ्याकडे फिरवून धरली. वर माझ्या सहीचं निळं शेपूट होतं. खाली शिसपेन्सिलीने, गोल अक्षरात, एकाखाली एक दोनदा लिहिलं होतं.

नको.
नको.

"आईचं अक्षर हाय हे," ती म्हणाली.

मी तिला काही उलगडून सांगितलं नाही.

तिने चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि उठली. दारापर्यंत गेली तेव्हा मी म्हणालो, "जेवून जा."

"नको," ती म्हणाली.

उंबऱ्यावर ती थांबली. पाठमोरी. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आता मी पुन्हा म्हणायचं होतं, असं कसं, दोन घास तरी खा. हे कुणाच्याही घरात कुणीही म्हणतं, परक्यालाही म्हणतं. मी खुर्चीचे हात धरून बसून राहिलो. फाटकाची कडी वाजली.

८

ऊन खिडकीतून माझ्या पायापर्यंत आलं होतं. मी खुर्चीतच होतो. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचं गाणं लांबपर्यंत ऐकू आलं. ते थांबल्यावर स्वयंपाकघरात कागद फाटला. टर्र. मग डब्याचं झाकण बसलं.

स्वयंपाकघराच्या दाराला क्रांतीने शिवलेला पडदा आहे. धुऊन धुऊन तो आखडला आहे, जमिनीपासून वीतभर वर राहतो. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं. पडद्याखालून ओट्यापाशी दोन पावलं दिसली. सुजलेली. एकावर पांढरी चिकटपट्टी.

ती वळली असावी, कारण टाचांच्या जागी बोटं आली.

"आवं," आतून हाक आली. आवाज दमलेला होता, पण तिचाच. "थांबू का?"

मी उत्तर दिलं.

तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.